नखं, हरणी आणि सकाळची गोळी

नखं तुटतात म्हणून कुणी दमतं का? मी दमले. इतकी दमले की शेवटी शेवटी नख तुटल्याचं दुःख करायलाही अंगात बळ उरलं नव्हतं. आता बरी आहे म्हणून लिहायला बसलेय, नाहीतर पेन धरायचं म्हटलं तरी अंगठ्याचं नख कुठंतरी अडकायचं आणि जीव कळवळायचा. दवाखान्याच्या बाकावर माझ्यासारख्या पुष्कळ बायका भेटल्या. हात पदराखाली झाकून बसलेल्या, "नखांचं काय एवढं" असं घरी ऐकून आलेल्या. त्यांच्यासाठी हे. डॉक्टरकी मला येत नाही आणि ती मी सांगणारही नाही. काय झालं तेवढं सांगते.

आमचं घर कोल्हापुरात, जुन्या पेठेत. पुढं दोन खोल्या, मागं गोठा. संध्याकाळी मालक, म्हणजे माझे मिस्टर, दोन म्हशी घेऊन कट्ट्यावर जातात. कट्टा म्हणजे चौकातली दुधाची जागा. म्हैस तिथंच उभी करायची, गिऱ्हाईक ग्लास धरून उभं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर धार काढून फेसासकट दूध हातात द्यायचं. सकाळच्या धारा मात्र घरात, आणि त्या माझ्याकडं. ताप असो, पाहुणे असोत, उजाडायच्या आत उठून म्हशीखाली बसायचं ते मीच. लग्न होऊन आले तेव्हापासून यात कधी खंड पडला नव्हता.

गोठ्यातली हरणी मात्र माझी, ती कट्ट्यावर जायची नाही, तिची संध्याकाळची धारही घरात मीच काढायची. तिला जन्म देऊन तिची आई गेली, तेव्हा ते रेडकू मी बाटलीनं पाजून, बोट चोखायला देऊन जगवलं. मोठी झाल्यावर ती माझ्याशिवाय कुणाला धार देईना. दुसरं कुणी खाली बसलं की दूध वर चढवायची, पान्हा सोडायचीच नाही, वर लाथ मारायची ती वेगळीच. "ही म्हस न्हाय, दुसरी सासूच हाय घरात," असं मालक म्हणायचे, आणि तेही आत्तींच्या तोंडावर. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मिसरीचं बोट दातावरनं न काढता म्हणायच्या, "मग माझ्यापरास गुणाचीच म्हणायची की."

मला या गोष्टीचा अभिमान होता. घरात बाकी कशात माझं फारसं चालत नव्हतं, पण हरणीच्या बाबतीत सगळ्यांना माझ्यापाशीच यावं लागायचं.

*

सुरुवात उजव्या अंगठ्यापासून झाली. नखाचा पापुद्रा सुटला, कांद्याची साल सुटते तसा. मी कापून टाकला आणि विसरले. मग शेजारच्या बोटाचं नख मधोमध उभं चिरलं. मग आज हे, उद्या ते. साडीला अडकायचं, केसांत अडकायचं, भाकरी थापताना तुकडा पिठात पडायचा आणि मग ते पीठ चाळत बसा. तिन्हीसांजेला आमच्याकडं नखं कापू देत नाहीत आणि माझी नखं मेली नेमकी तिन्हीसांजेलाच तुटायची. अर्धं नख लोंबतंय, ठणकतंय, आणि आत्ती म्हणणार, "उद्या सकाळी काप. दिवा लावलाय." मग मी मोरीत जाऊन, लहान पोरासारखं लपून, ते दातानं तोडायची.

त्याच सुमारास अंग जड व्हायला लागलं होतं. पण ते मी कुणाला बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही वाटलंच नाही. बायका दमतातच. उन्हाळ्यात सगळी घामानं निथळत असताना मला गार वाजायचं. आवाज घोगरा झाला. दुपारी भांडी घासता घासता तिथंच भिंतीला टेकून डोळा लागायचा. आत्ती म्हणायच्या, "चाळिशी आली की असंच हुतंय." मी म्हणायची, असेल.

नखांवर मात्र सगळ्यांकडं उपाय होते. आत्तींचं निदान झटक्यात झालं, कॅल्शियम कमी पडलंय. त्यांनी बकऱ्याचे पाय आणायला लावले आणि त्याचा रस्सा सुरू केला. "त्या जनावराच्या पायाला खूर असतंय न्हवं? खुराचा रस पोटात गेला की नखं घट्ट हुत्यात बघ." मी वाटीवर वाटी प्यायले. शेवटी चुलीवर पातेलं चढलं तरी मला उमासा यायचा. माझी मुलगी बिद्रीला दिलीय, ती फोनवर म्हणाली, "आई, लसूण चोळून बघ, मोबाईलवर सगळ्या बायका तेच सांगायल्यात." तेही केलं. त्या वासानं हरणीनं नाक फेंदारलं आणि दोन पावलं मागं सरकली. मी म्हटलं, "तू तरी समजून घे गं बाई."

*

एकदा सकाळी मी धार काढायला बसले आणि हरणीनं लाथ मारली. बादली उडाली, मी मागं शेणात. आजवर तिनं मला कधी पायसुद्धा लावला नव्हता. मी उठून बघितलं तर तिच्या सडावर, म्हणजे थानावर, लांब ओरखडा आणि रक्ताचा थेंब. माझ्याच अंगठ्याच्या चिरलेल्या नखाचा.

मालकांनी तूप-हळद लावली आणि बराच वेळ तिथंच उकिडवे बसून राहिले. म्हशीवाल्याच्या घरात सडाची जखम ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. ती चिघळली तर कास दगडासारखी घट्ट होते, तो सड कायमचा जातो, कधी कधी जनावरच कामातून जातं.

"आता तू बसू नगंस तिच्याखाली," मालक म्हणाले.

"मग कोण बसणार?"

बाकीच्या म्हशींच्या धारा मालकांनी घेतल्या, पण हरणीचं अडलं. या खेपेला हरणीचं रेडकूही जगलं नव्हतं, नाहीतर ते लुचायला सोडून पान्हा आणता आला असता. मी रबरी हातमोजे घालून बघितले. तिनं मोज्यांचा वास घेतला आणि थेंब दिला नाही. बोटांना चिंध्या गुंडाळून बसले, तर हातात जोर येईना. मालक बसले, तर तिनं दूध असं काही वर ओढलं की कास रिकामीच वाटावी. ओळखीच्या एका दूधवाल्यानं सल्ला दिला, "इंजेक्शन मारा की राव, आपसूक पान्हा सोडती." मालकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "माझ्या गोठ्यात सुई न्हाय चालायची," एवढंच म्हणाले.

पण धार निघाली नाही की दूध आटत जातं. हरणीचं दूध दिसागणिक उतरायला लागलं. गोठ्यात न दुभणारी म्हैस नुसती उभी करून ठेवणं आमच्यासारख्यांना झेपत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. घरात कुणी विकायचा शब्द काढला नाही. पण मालक जेवताना वैरणीचा हिशेब मांडायला लागले.

*

नखं दाखवायला दवाखान्यात जायचं म्हटल्यावर आत्तींनी कपाळावर हात मारला. "नखं तुटत्यात म्हणून कोण दवाखान्यात जातंय व्हय? नखं काढून टाकली तरी माणूस मरत न्हाय." मालक म्हणाले, "हिच्यासाठी न्हाय, म्हशीसाठी जातोय असं समज." हे बोलणं मला लागलं. पण भांडायला जोर नव्हता, मी गाडीवर मागं जाऊन बसले.

केसपेपर काढा, मग बाक. मग नाव पुकारलं की दुसरा बाक. कातडीच्या डॉक्टरांची ओळ म्हणजे कुणाला खरूज, कुणाला पांढरे डाग, कुणाचे केस गेलेले, आणि मी नखंवाली. शेजारची बाई म्हणाली, "तुमास्नी काय झालंय?" मी हात दाखवले. ती म्हणाली, "एवढंच?" मी हात परत पदराखाली घेतले.

डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी एकेक बोट धरून बघितलं. काम काय, हात पाण्यात किती, साबण कुठला, सगळं विचारलं. मग हात सोडून माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. गळ्याला हात लावला. "थंडी जास्त वाजते का? केस गळतात? पोट साफ होतं?" मी हो, हो, नाही म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "दमता का तुम्ही?"

आणि मला रडू फुटलं. काय झालं काही कळलंच नाही. तोंडाला पदर लावून मी हमसून हमसून रडले, त्या एवढ्याशा खोलीत, दारात पुढचा पेशंट उभा असताना. मालक घाबरले. "अगं, असं काय इचारलं त्यांनी?" म्हणाले. काहीच विचारलं नव्हतं हो. दमता का, एवढंच विचारलं होतं. किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

रक्त दिलं. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत मी मनातल्या मनात मरून बारावंसुद्धा उरकून घेतलं. रिपोर्ट बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, थायरॉईड आहे. गळ्यातली एक ग्रंथी सुस्त पडलीय, तिचं काम गोळीनं करायचं. गळ्यातली म्हटल्यावर मला एकच रोग आठवला. "तो नाही ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही, नाही. तो नाही. पण गोळी बहुतेक कायम घ्यावी लागेल."

मालकांनी विचारलं, "म्हंजे नखांचा आजार न्हायच ह्यो?"

"नखांना फटका पाण्याचाही बसलाय," त्या म्हणाल्या, "पण मुळात कमतरता आतच आहे."

नखं बारीक ठेवायची, ब्लेडनं कापायची नाहीत, कडा एकाच दिशेनं घासायच्या. हात धुतले की कोरडे करून तेल चोळायचं. धुणं-भांड्याला मोजे, आत सुती. आणि गोळी सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मालकांनी दोन्ही वेळा मान हलवली आणि त्या दिवसापासून माझी गोळी त्यांनी आपल्याकडं घेतली.

*

हरणीला बघायला गारगोटीकडचं एक पावणं आलं. ते येणार हे मला ते दारात उभं राहिल्यावर कळलं. भला माणूस होता. त्यानं हरणीच्या पाठीवरनं हात फिरवला, दात बघितले, कास बघितली. "म्हस ब्येस हाय," म्हणाला. "खोड काढू आम्ही. एकदा दावणीला बांधली की आठवड्यात सरळ येत्या."

मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि चहा ठेवलाच नाही. अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडले. माझं पोर कुणीतरी दाखवायला उभं केलंय असं वाटत होतं, आणि हेही कळत होतं की माझ्या हातानंच हे आणलंय. मालक आत आले, उभे राहिले, म्हणाले, "त्येला सांगितलंय, कळवतो म्हणून." मी म्हटलं, "मलापण न्या बाजारात हरणीबरोबर. दोघी सारख्याच, एकीच्यात दूध न्हाय, एकीच्यात जीव न्हाय."

दुसऱ्या दिवशी मला उशिरा जाग आली. गोठ्यातनं कुजबुज ऐकू येत होती. मी दारातनं डोकावले आणि मला वाटलं, मीच खाली बसलेय. माझी गोठ्यातली जुनी हिरवी साडी, शेणाचे डाग पडलेली. डोक्यावरनं पदर. हरणीच्या पोटाला डोकं टेकवलेलं. आणि पदराच्या आतून, हे एवढ्या गलमिश्यांचं तोंड बारीक आवाज काढून म्हणत होतं, "ये गं माजी बाय, ये गं माजी सोन्याची…" हे मी म्हणते तिला धार काढताना. रोज. मला वाटायचं, कुणी ऐकत नाही.

हरणीनं मान वळवली. साडीचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिनं मान खाली घातली, रवंथ करायला लागली, आणि बादलीत चर्र करून धार पडली.

"हसू नगंस," मालक मान न वळवता म्हणाले, अजून त्याच बारीक आवाजात. "हसलीस तर चढवंल."

मी तोंड दाबून वैरणीच्या ढिगाआड गेले आणि पोट धरून हसले. हसता हसता रडायला लागले ते मलाच कळलं नाही. पेठेतला हा माणूस, दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून त्यांना मोटरसायकलमागं पळवणारा, चौकात सगळे ज्याला दबकून असतात असा, बायकोची साडी नेसून बसला होता. त्या दिवशी त्यांनी गारगोटीच्या पावण्याला फोन करून सांगितलं, म्हैस द्यायची नाही.

आणि धार काढून झाल्यावर, साडी न सोडताच, पेलाभर दूध माझ्यापुढं धरलं. वर फेस, अजून कोमट. दुसऱ्या हातात गोळी. "आधी तू. मग बाकीची."

आमच्या घरात औषध दुधाबरोबरच घेतात. ताप आला दुधाबरोबर, वैद्याचं चूर्ण दुधाबरोबर, बाळंतिणीचा काढाही वर दूधच. उपासालाही दूध चालतं, मग ते खाणं कसं म्हणायचं? रिकाम्या पोटी म्हणजे चहाच्या आधी, भाकरीच्या आधी. ते तर आम्ही तंतोतंत पाळत होतो. रोज सकाळी हरणीचा पहिला पेला आणि त्याच्याबरोबर गोळी. मालक समोर उभे राहायचे, पेला रिकामा होईपर्यंत.

*

आणि मी बरी होईना.

हा भाग लिहायला मला जड जातंय. गोळी चालू, तेल चालू, मोजे चालू, आणि नखं तशीच. दुसरा रिपोर्ट आला, डॉक्टरबाईंनी गोळी वाढवली. पुढचा आला, परत वाढवली. दर खेपेला तोच बाक, तीच सुई, तोच कापसाचा बोळा दाबून बसायचं. मला वाटायला लागलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे, औषधालासुद्धा मी दाद देत नाही. सकाळी उठून जिना नव्हे, नुसता उंबरा ओलांडायचा म्हटलं तरी कंटाळा यायचा. कट्ट्यावरनं आल्यावर मालक धुण्याला बसायचे आणि मी बघत बसायची. लाजसुद्धा वाटायची नाही, एवढी दमलेली.

आत्तींचा धीर सुटला. "सारख्या गोळ्या खाऊन माणूस असंच हुतंय. बंद कर म्हणावं त्या बाईला." मी एकदा ओरडले त्यांच्यावर. "मरू दे मग मला! नखं काढली तरी माणूस मरत न्हाय म्हणालावता न्हवं?" घोगऱ्या आवाजात ते ओरडणं कसलं, म्हातारं कुत्रं भुंकल्यासारखं आलं. त्या संध्याकाळी त्या लोण्याची वाटी घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझं एकेक बोट धरून नखाच्या मुळाशी लोणी चोळायला लागल्या. त्यांची बोटं खरखरीत, माझी ठणकणारी. पण मी हात ओढून घेतला नाही. नंतर तो नेमच झाला. आजारात माणसाला काय गोड वाटेल सांगता येत नाही. मला त्या लोण्याच्या वाटीचं वेड लागलं, दिवसभर मी तिन्हीसांजेची वाट बघायची.

*

चौथ्या रिपोर्टवर डॉक्टरबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "गोळी चुकते का?"

"एक दिवस न्हाय," मालक म्हणाले. "मी सोता देतो."

"रिकाम्या पोटी?"

"रिकाम्या पोटी. उठल्या उठल्या."

"कशाबरोबर देता?"

मालक खुर्चीत ताठ बसले. एवढी एक गोष्ट आपण चोख केली याचा त्यांना कोण अभिमान! "धारोष्ण दुधाबरूबर, मॅडम. घरच्या म्हशीच्या. पहिला पेला हिचाच असतोय, मग गिऱ्हाइकांचा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, उलट आवाज खाली आणला. दुधानं ही गोळी अंगी लागत नाही, म्हणाल्या. दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं. ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं तासभर काही नाही. दूध तर आणखी बऱ्याच वेळानं. "मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं," असंही म्हणाल्या. "रिकाम्या पोटी म्हटल्यावर मला वाटलं, पाण्याबरोबरच घेत असाल."

मी मालकांकडं बघितलं नाही. बघवलं नाही. पण त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती, ती वाजायची थांबली, तेवढं ऐकू आलं.

मला राग आला का? आला. खोटं कशाला सांगू. गाडीवर मागं बसून माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, किती महिने गेले माझे, किती सकाळी, आणि कशापायी? आणि त्याच वेळी समोर त्यांची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवर मला माझी हिरवी साडी दिसत होती. राग धरायचा तरी कुणावर? पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडं त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरले नाहीत. मागं न बघता म्हणाले, "म्हंजे मीच तुला…"

"गप बसा," मी म्हणाले. "ते दूध पिऊन मेले न्हाय मी. चला घरी, पाठ दुखायल्या."

गाडी चालू करायला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा पेला आला. त्यांनी तो माझ्यापुढं धरला, पण बघत उभे राहिले नाहीत. गोळी तळहातावर ठेवली आणि लगेच गोठ्यात निघून गेले.

*

यापुढं सांगण्यासारखं थोडं आहे, कारण बरं होणं हे कंटाळवाणं काम आहे. पुढच्या रिपोर्टला आकडा सुधारला. एवढी वाढवलेली गोळी डॉक्टरबाईंनी उलट कमी केली. आधी गार वाजायचं थांबलं. मग दुपारची झोप गेली. आत्तींवर ओरडले तेव्हा आवाज नीट निघाला, तशा त्या म्हणाल्या, "आली गं बाई जाग्यावर." नखं सगळ्यात शेवटी. जुनं नख कधीच सुधारत नाही, हे मला माहीत नव्हतं. ते तसंच तुटत, झिजत पुढं सरकतं आणि मुळाशी नवं येतं. माझ्या अंगठ्यावर एक रेघ होती, रेघेच्या पुढं पापुद्रे, मागं गुळगुळीत. ती रेघ पुढं सरकताना बघणं हाच एक विरंगुळा होता. ज्यांची नखं आत्ता तुटतायत त्यांना एवढंच सांगते, बोटाच्या टोकाकडं बघू नका, मुळाकडं बघा. आणि गोळी कशाबरोबर घ्यायची हे डॉक्टर सांगेपर्यंत खुर्चीवरनं उठू नका.

हरणी अजून दुभत होती, पण आता उतरणीला लागली होती. थोड्या दिवसांत आटणार होती. मला ती आटायच्या आत एकदा तिच्याखाली बसायचं होतं. बाकी काही नको होतं. डॉक्टरबाईंनी बोटं दाबून बघितली, कडा बघितल्या आणि म्हणाल्या, "बसा आता बिनधास्त."

सकाळी मालकांच्या आधी उठले. गोळी घेतली, पाण्याबरोबर. नखांवरनं अंगठा फिरवून बघितला, कुठं खरखर नाही. हरणीच्या पाठीवर थाप मारली, खाली बसले, पोटाला डोकं टेकवलं. तोच वास, तीच ऊब. मला वाटलं, संपलं माझं आजारपण. "ये गं माजी बाय," मी म्हटलं. सडाला हात घातला.

काही आलं नाही.

परत कास चोळली, परत बोलले. ती उभी राहिली शांत, लाथ मारली नाही, काही नाही. नुसतं दूध वर धरून ठेवलं. मान वळवून माझा वास घेतला, ओळखलं, आणि मग माझ्या डोक्यावरनं दाराकडं बघायला लागली. मी पण वळून बघितलं. दारात मालक उभे होते, डोळे चोळत, हातात ती हिरवी साडी.

जिला बोट चोखायला देऊन जगवली, ती माझ्या हाताला थेंब देत नव्हती. मालकांचा चेहरा तर चोरी पकडल्यासारखा झाला. "राहू दे, मी भाईर जातो," ते घाईनं म्हणाले. "मी नसलो की दील ती. वेळ दे तिला."

मी बादली सोडून उभी राहिले. गुडघे वाजले. आणि तेवढ्यात मला माझ्या दमण्याची जाणीव झाली. आजाराच्या नाही, त्याच्या आधीच्या. तापात, पाहुण्यांत, रोज उजाडायच्या आत मी इथं बसत आले होते, कारण ही दुसऱ्या कुणाला धार देत नाही म्हणून. आणि आता देत होती.

"या, बसा," मी म्हटलं. "तुमची वाट बघतीया."

"साडी नेसू?"

"बघा तसंच."

ते बनियनवरच खाली बसले. आवाजही काढला नाही कसला. धारेचा आवाज मला गोठ्यातून बाहेर पडता पडताच ऐकू आला. आत आत्ती जाग्या होऊन बसल्या होत्या, म्हणाल्या, "काय गं, काढलीस का धार?"

"त्ये काढत्यात," मी म्हटलं, आणि गोधडी डोक्यावरनं ओढून घेतली. त्या सकाळी मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपले.